श्रोता संघाचं विकिपीडियावर पान होऊ शकतं का?

बांबूचा_एरियल (धागाकर्ता)

मंडळी, नमस्कार. बरीच वर्षं नुसता वाचक होतो. पहिलाच धागा आहे, सांभाळून घ्या.

आमच्या गावात (परभणी जिल्हा, गावाचं आणि संघाचं नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर उत्साहात कुणीतरी लगेच पान टाकून मोकळं होईल) आणीबाणीच्या आगेमागे सुरू झालेला एक रेडिओ श्रोता संघ होता. होता म्हणजे अजूनही आहे, चार म्हातारे आणि मी. घड्याळजीच्या दुकानामागच्या खोलीत बसायचे. एक मर्फीचा सेट, छपरावर दोन बांबूंमध्ये ताणलेली तांब्याची तार, आणि जेवणं उरकली की शॉर्टवेव्ह. फर्माईशी तर सगळेच पाठवायचे, ही मंडळी एक पायरी पुढं होती. रेडिओ मॉस्को, जर्मनीचं डॉइच वेले, जपानचं एनएचके असं काय काय लावून ऐकायचं, कुठल्या मीटरवर किती वाजता कसं ऐकू आलं ते लिहून टपालानं धाडायचं. मग दोन-तीन महिन्यांनी तिकडून कार्ड यायचं, की होय बाबा, तू ऐकलंस ते आमचंच केंद्र. क्यूएसएल कार्ड म्हणतात त्याला. पोस्टमन ते कार्ड आधी स्वतः वाचायचा, मग वाटेत दोघांना दाखवायचा, मग आमच्याकडं आणायचा.

वडील संघाचे सचिव. तीन पत्र्याच्या पेट्या भरून कार्डं, पत्रं, वह्या घरी आहेत. आता त्यांचं वय झालंय आणि त्यांच्या मनानं घेतलंय की विकिपीडियावर संघाचं नाव दिसावं. नातवानं त्यांना गावाचं पान दाखवलं तेव्हापासून हे सुरू झालं. मी धूळपाटीवर (विकिपीडियावरचं सरावाचं पान) मजकूर लिहून ठेवलाय, अजून पान केलेलं नाही.

माझ्याकडं आहे ते एवढं: वर्धापनदिनाच्या बातम्या, जिल्हा दैनिकांतल्या, सात-आठ. रौप्यमहोत्सवी स्मरणिका. एका मोठ्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत आलेला अर्ध्या पानाचा लेख, फोटोसकट, पण कात्रण कापताना तारीख गेली. रेडिओवर नाव तर अगणित वेळा घेतलं गेलं, ते हवेत विरलं. इंटरनेटवर शोधलं तर काहीच नाही.

एवढ्यावर पान टिकेल का?

निवांत_म्हैस

टिकेल की. टाकून द्या बिनधास्त. कुणीही लिहावं म्हणूनच तर ते आहे. उडवलं तर परत टाका.

धूळपाटीवाला

@निवांत_म्हैस, कृपया असले सल्ले देऊ नका, निस्तरायला आम्हाला लागतं.

@बांबूचा_एरियल, तुम्ही आधी विचारलंत हे फार बरं केलंत. बहुतेक लोक पान करून मग रडायला येतात. मी मराठी विकिपीडियावर बरीच वर्षं पहाऱ्याला आहे, तेव्हा थोडं सविस्तर लिहितो.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला सुरू झाला. कुणीही लिहू शकतं हे खरं, पण कशाहीबद्दल लिहू शकतं असं नाही. तिकडं 'उल्लेखनीयता' असा एक जड शब्द आहे आणि लोकांना तो ऐकला की अपमान झाल्यासारखं वाटतं. तुमचा संघ चांगला होता का, जुना होता का, सभासद किती होते, हे त्यात कुणी विचारत नाही. विचारतात ते इतकंच: संघाशी ज्याचं काही देणंघेणं नाही अशा माणसानं संघाबद्दल भरवशाच्या ठिकाणी ऐसपैस लिहिलंय का? आणि तेही एकापेक्षा जास्त ठिकाणी?

आता तुमच्या पेटीकडं येऊ. वर्धापनदिनाच्या बातम्या. "अध्यक्षस्थानी अमुक होते, प्रास्ताविक तमुक यांनी केले, आभार फलाण्यांनी मानले." ही बातमी कोण लिहितं हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत आहे. संघाचा सचिवच लिहितो, दुपारी कार्यालयात नेऊन देतो, सकाळी जशीच्या तशी छापून येते. म्हणजे कागद पेपरवाल्यांचा, तोंड तुमचंच. स्मरणिका तर सरळच घरची. संघ कोणत्या साली सुरू झाला, पहिले अध्यक्ष कोण, असल्या साध्या तपशिलाला ती चालेल, पण पान असावं की नाही हे ठरवायला चालणार नाही. रेडिओवर नाव घेतलं गेलं हा नुसता उल्लेख झाला.

उरला रविवारचा लेख. तोच तुमचा एकुलता एक खणखणीत पुरावा, आणि त्याचीच तारीख नाही!

संस्थांसाठी इंग्रजी विकिपीडियाच्या निकषांत आणखी एक मेख आहे. सगळी दखल फक्त गावातल्या पेपरांनी घेतलेली असेल तर ती पुरत नाही. निदान एक तरी स्रोत प्रादेशिक, राज्याच्या किंवा देशाच्या पातळीवरचा लागतो. मराठीत चर्चा निघाली की बहुतेक वेळा तोच दाखला दिला जातो.

आणि तुम्ही सचिवांचे चिरंजीव. तुमचे हितसंबंध आहेत, म्हणून स्वतः पान करू नये. केलंच तर चर्चापानावर तसं उघड लिहावं.

बांबूचा_एरियल

प्रेसनोट वडीलच लिहायचे हे तुम्हाला कसं कळलं? पेटीत सगळ्यांच्या कार्बन कॉप्या आहेत. आत्ता ताडून पाहिलं, पेपरात एका शब्दाचाही फरक नाही. एका बातमीत तर वडिलांची शुद्धलेखनाची चूकही तशीच छापलीय.

मुदखेड_जंक्शन

अवांतर: रेडिओवर गाण्यांच्या फर्माईशींत सारखं झुमरीतलैया हे गाव यायचं. लहानपणी मला वाटायचं ते बनवलेलं नाव आहे, फर्माईशी वाढवायला. नोकरीला लागल्यावर झारखंडचा माणूस भेटला तेव्हा कळलं की गाव खरं आहे. विविध भारती सुरू झाली ३ ऑक्टोबर १९५७ ला. तेव्हापासून आजवर त्या गावाचं जेवढं नाव घेतलं गेलं तेवढं आमच्या मुदखेडचं रेल्वेच्या घोषणेतही झालं नसेल. त्या गावाचं पान आहे का हो?

धूळपाटीवाला

आहे. त्या फर्माईशींवर बाहेरच्या लोकांनी भरभरून लिहिलंय, त्यामुळं त्या पानात त्यांचाही उल्लेख येतो. तिथल्या एखाद्या श्रोता संघाचं वेगळं पान मात्र मी तरी पाहिलेलं नाही.

कडक_ज्वारी

हे सगळं वाचून डोकं फिरायलंय.

पुण्यात चार जणांनी गच्चीवर बोन्साय लावलं तरी पुरवणीत अर्धं पान येतंय, त्याचा संदर्भ होतोय, त्याचं पान होतंय. आमच्याकडं माणूस चाळीस वर्षं तार ताणून जग ऐकत बसला, त्याची बातमी त्यालाच लिहून द्यावी लागली कारण पेपरचा वार्ताहर म्हणजे एजन्सी चालवणारा किराणा दुकानदार! त्याला पगार नाही, जाहिरात आणली तर कमिशन. तो काय सविस्तर लिहिणार? आणि आता तुम्ही म्हणायलात की ती बातमी तुमचीच, म्हणून चालत नाही.

दांडेकर समितीनं १९८४ ला रस्त्यांचा, सिंचनाचा, शाळांचा सगळ्यांचा अनुशेष मोजला. संदर्भांचा अनुशेष कुणी मोजायचा? जिथं लिहिणाराच नव्हता तिथल्या माणसानं पुरावा कुठून पैदा करायचा? हा नियम सगळ्यांना सारखा दिसतो, पण लागतो आम्हालाच.

लातूरची_लेक

@कडक_ज्वारी +१. शेवटच्या वाक्याला तर +१००.

औरंगपुऱ्याचा

ज्वारीचा राग समजतो, पण "लिहिणाराच नव्हता" हे अर्धंच खरं आहे.

रेडिओचंच बघा. स्वातंत्र्याच्या वेळी संस्थानांची स्वतःची म्हणून जी पाच रेडिओ केंद्रं होती त्यातली दोन निजामाची, एक हैदराबादला आणि दुसरं आमच्या औरंगाबादला. म्हैसूर, बडोदा, त्रिवेंद्रम ही बाकीची. म्हणजे आपल्याकडं रेडिओ काल-परवा आलेला नाही. ह्यावर लिहिलेलं सापडतं, पण ते सरकारी कागदांत, उर्दूत, इंग्रजीत, आणि आपण शोधतो गूगलवर मराठीत.

दुसरं, छंदाचं. तेरचे रामलिंगप्पा लामतुरे व्यापारी माणूस. शेतात, पांढरीच्या मातीत सापडलेल्या वस्तू गोळा करायचा नाद. लोकांनी नावं ठेवली असणारच. आज तेरला त्यांच्या नावाचं शासकीय वस्तुसंग्रहालय आहे. तिथल्या हस्तिदंती बाहुलीची तुलना अभ्यासक थेट पाँपेईत सापडलेल्या बाहुलीशी करतात. पैठणलाही तेच, बाळासाहेब पाटलांच्या संग्रहातून शासकीय संग्रहालय उभं राहिलं. ह्या दोघांची नोंद झाली ती काही त्यांनी वर्धापनदिन केले म्हणून नाही. त्यांनी जमवलेल्या वस्तूंवर पुरातत्त्ववाल्यांनी, परक्या माणसांनी लिहिलं आणि वस्तूंच्या मागून माणसं कोशात गेली.

तुमच्या पेटीत वस्तू आहेत. त्या अजून कुणी परक्यानं पाहिल्यात का, हे विचारा.

निवांत_म्हैस

पोस्टमननं पाहिल्यात ना! 😀

लातूरची_लेक

औरंगपुऱ्याचा मुद्दा पटला, पण मनात एक खुपतंय.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी झालं तेव्हा मी दुसरीत होते. फोन बंद, वीज नाही. तेव्हा बाहेरून हॅम रेडिओवाले (हौसेनं स्वतःचा बिनतारी सेट चालवणारे) आपापले सेट आणि बॅटऱ्या घेऊन आले आणि त्यांनी निरोप पोचवले. एरवी घरात बसून व्हीयू-टू अमुक-तमुक अशी आपली ओळख सांगत लांबच्या माणसाशी बोलणारे, बायकोच्या शिव्या खाणारे लोक. त्यांची नोंद झाली, आपत्तीवरच्या लिखाणात त्यांचा उल्लेख येतो. रास्तच आहे.

पण मग छंद उपयोगी पडला तरच त्याची नोंद घ्यायची का? ह्यांच्या वडिलांनी कुणाचा जीव वाचवला नाही. रात्री बसून जपान ऐकलं, बस. एका तालुक्याच्या गावातल्या माणसाला जपान ऐकावंसं वाटलं ह्यात काही नाहीच का?

धूळपाटीवाला

ताई, आहे की. भरपूर आहे. मला तर हा धागा वाचूनच तो घड्याळजी, ती तार, सगळं दिसायला लागलंय. पण ते आधी दुसऱ्या कुणीतरी, दुसरीकडं लिहायला हवं. विकिपीडियावर 'मूळ संशोधन नाही' असा नियम आहे, म्हणजे जगात कुठंच न लिहिलेली गोष्ट पहिल्यांदा तिथं लिहायची नाही. उपयोगी पडण्याचा त्याच्याशी संबंध नाही. अतिशय निरुपयोगी गोष्टींचीही तिथं छान पानं आहेत, कारण त्यांच्यावर कुणीतरी वेड्यासारखं लिहिलंय.

आणि हॅमवाल्यांचं म्हणाल तर तिथंही भूकंपातल्या कामाची नोंद झाली. त्यातल्या प्रत्येक क्लबला वेगळं पान मिळालं असं नाही.

@कडक_ज्वारी, तुमच्या रागातला निम्मा भाग मला मान्य आहे. पण एक गैरसमज दूर करतो. संदर्भ इंटरनेटवर असलाच पाहिजे अशी अट नाही. वाचनालयात बांधून ठेवलेला अंक चालतो, जिल्ह्याचं गॅझेटिअर चालतं (परभणीचं १९६७ चं आहे), विद्यापीठातला पीएच.डी.चा प्रबंध चालतो. एम.ए.चा प्रकल्प शक्यतो नाही. अट एवढीच की उद्या कुणी म्हटलं "दाखव", तर अंक, तारीख, पान सांगता आलं पाहिजे. म्हणून पुन्हा सांगतो, ती तारीख शोधा.

पाटीवरची_अक्षरं

कात्रणाची मागची बाजू बघितली का?

बांबूचा_एरियल

नाही हो. वहीत खळीनं चिकटवलंय.

पाटीवरची_अक्षरं

मग आधी ते सोडवा. ओढू नका. जाड टीपकागद ओला करून पिळून वहीच्या पानाच्या मागून लावा, खळ असेल तर पंधरा-वीस मिनिटांत सुटते. फेव्हिकॉल असतं तर हात लावू नका म्हटलं असतं. मी शाळेत हस्तलिखितांचं हेच केलंय. मागे सिनेमाची जाहिरात, बाजारभाव, सोडत, काहीतरी सापडतंच.

हाली_सिक्का

तोवर एक सावधगिरीची गोष्ट. आमचा जुन्या नाण्यांचा गट आहे, निजामाचे हाली सिक्के, सातवाहनांची शिशाची नाणी असलं जमवणारे आठ-दहा जण. आम्हालाही हीच हौस आली होती. समाजमाध्यमावर नुसतं विचारलं तर दुसऱ्या दिवशी फोन. "सर, विकिपीडिया पेज बनवून देतो, हमखास राहील, निळी खूण पण मिळवून देऊ." आम्ही शहाण्या माणसांनी वर्गणी काढून पैसे दिले. पान झालं, त्यात आमचा गट 'देशातील अग्रगण्य' वगैरे होता, वाचून आम्हालाच लाज वाटली. आठवडा काही ते टिकलं नाही. आता तो फोन लागत नाही.

कुणी असा फोन केला तर सरळ ठेवून द्या.

धूळपाटीवाला

पैसे घेऊन लिहायचं तर कुणाकडून घेतले ते जाहीर करावं लागतं, वापराच्या अटींतच आहे ते. हे लोक कधीच करत नाहीत. आणि 'अग्रगण्य', 'नामवंत', 'बहुमोल योगदान' हे शब्द दिसले की पहाऱ्यावरच्या माणसाचा हात आपोआप 'पानकाढा' साच्याकडं जातो. एरियलराव, तुमच्या धूळपाटीत असले किती आहेत?

बांबूचा_एरियल

मोजले. 'बहुमोल' चार वेळा. 😐

बांबूचा_एरियल

मंडळी, कात्रण सुटलं! एक कोपरा फाटला, पण वाचता येतंय.

मागच्या बाजूला क्रिकेटवरचा अर्धवट लेख आहे. शारजा, चेतन शर्माचा शेवटचा चेंडू, मियाँदादचा षटकार, आणि लेखकाचा नुसता संताप. म्हणजे १८ एप्रिल १९८६ नंतरचं. तो शुक्रवार होता, मग रविवार २० एप्रिल ना?

मुदखेड_जंक्शन

तो षटकार आठवण करून दिल्याबद्दल निषेध.

औरंगपुऱ्याचा

२० नसावा. मी पुरवणीत काम केलंय. रविवारची पुरवणी तेव्हा गुरुवारपर्यंत बांधून तयार असायची. शुक्रवारच्या सामन्यावर सवडीनं लिहिलेला लेख त्याच रविवारी येणं कठीण. २७ एप्रिल बघा, नाही तर ४ मे. पेपर कुठला ते माहीत आहे म्हणता, तर बांधीव अंक मोठ्या वाचनालयात असतील. इथलं मी बघून येतो, शनिवारी जाणारच आहे.

कडक_ज्वारी

आता आलाव का नाही कामाला. मी तिकडचे, नांदेडचे बघतो.

औरंगपुऱ्याचा

सापडला. २७ एप्रिल १९८६, पुरवणीचं तिसरं पान. फोटो काढू दिला नाही, पण लेख पूर्ण वाचून उतरवून घेतला. लिहिणारा बाहेरचा, मुंबईहून आलेला, संघाशी संबंध नाही. घड्याळजीचं दुकान, तार, कार्डं, सगळं आहे. तुमच्या वडिलांबद्दल एक ओळ अशी की सचिवांना जर्मन येत नाही, पण कार्यक्रम कधी संपला ते त्यांना सुरावरून कळतं.

बांबूचा_एरियल

ती ओळ वडिलांना वाचून दाखवली. काही बोलले नाहीत, उठून आत गेले. थोड्या वेळानं येऊन म्हणाले, "तो माणूस दोन दिवस राहिला होता आपल्याकडं. तुझी आई थालीपीठं करून थकली."

धूळपाटीवाले, हा एक पक्का झाला ना?

धूळपाटीवाला

पक्का. प्रादेशिक पातळीवरचा, सविस्तर, परक्याचा. (दोन दिवस राहून थालीपीठं खाल्ली म्हणून हितसंबंध होत नाहीत.) पण एकच. आणखी एक असा मिळाला असता तर मी स्वतः पान केलं असतं. एकावर आज वेगळं पान करू नये, हे माझं मत कायम आहे.

पण एका संदर्भावर बरंच होतं. गावाच्या पानात 'सांस्कृतिक जीवन' असा विभाग करून दोन-तीन वाक्यं संघावर, ह्या लेखाच्या संदर्भासकट. ते कुणी काढणार नाही, मी पहाऱ्यावर ठेवतो. आजोबांना नातवानं तेच पान दाखवलं होतं ना?

आता कार्डांचं. सगळी स्कॅन करून कॉमन्सवर (विकिपीडियाचं चित्रांचं भांडार) चढवू नका, प्रताधिकाराचा घोळ होईल. कार्डावरचं चित्र त्या त्या केंद्राचं असतं, तुमच्याकडं कार्ड आलं म्हणून हक्क येत नाही. आपल्या कायद्यात साधारण ६० वर्षांचा हिशेब आहे. संघाचे स्वतःचे फोटो ज्यांनी काढले त्यांच्या किंवा वारसांच्या लेखी परवानगीनं चालतील. सगळ्यात आधी वडिलांचा आणि त्या तारेचा आजचा फोटो तुम्ही काढा, तो तुमचा, तो लगेच चढवता येईल. टपाल खात्याचं जुनं रेडिओ लायसनचं पुस्तक आहे का?

बांबूचा_एरियल

दोन आहेत. एक आजोबांचं, १९५९ चं, आतमध्ये दरवर्षीची तिकिटं चिकटवलेली.

धूळपाटीवाला

अरे वा! सरकारी कागद आणि साठ वर्षं उलटून गेलेली. तिकिटं १९६५ पर्यंतची असतील ती पानं घ्या, पुढची सध्या राहू द्या. रेडिओ ऐकायला सरकारला फी भरावी लागायची हे आजच्या पोरांना खरंच वाटत नाही. भारतातल्या रेडिओवरच्या पानाला हे चित्र फार उपयोगी पडेल.

लातूरची_लेक

आणि त्या वह्या? अहवालांच्या? त्यात काय आहे?

बांबूचा_एरियल

प्रत्येक पानावर तारीख, वेळ, मीटर, आणि पाच आकडे, ४५३४४ असे. आवाज किती जोरात, दुसऱ्या केंद्राचा अडथळा किती, खरखर किती, आवाज वरखाली होतो का, आणि एकूण कसं. पाच म्हणजे उत्तम. पुढं शेरा. पावसाळ्यात बहुतेक ठिकाणी "विजा. बंद केला." एके ठिकाणी नुसतं "बाळ रडत होते, नीट ऐकू आले नाही". तारखेवरून ते बाळ मी.

पाटीवरची_अक्षरं

एरियलराव, ह्या वह्या म्हणजे खरा ऐवज. नांदेडच्या विद्यापीठात माध्यमशास्त्राला माझी एक जुनी विद्यार्थिनी पीएच.डी.साठी विषय शोधतेय, मराठवाड्यातले रेडिओ ऐकणारे असंच काहीसं तिच्या डोक्यात आहे. तिला धाडू का तुमच्याकडं? तिनं काय लिहावं त्यात तुम्ही तोंड घालायचं नाही, एवढीच अट.

कडक_ज्वारी

चार वर्षं लागतील की त्याला. आजोबांचं वय बघा.

पाटीवरची_अक्षरं

लागतील. म्हणून पहिलं काम मुलाखतीचं. ती ह्याच महिन्यात येऊ शकते.

बांबूचा_एरियल

येऊ द्या. वडिलांना विचारलं. म्हणाले, "जेवायला काय खाते विचार." आणि म्हणाले पान-बिन राहू दे, पेटीत आधी कडुनिंबाचा पाला घाल, गेल्या साली कसर लागली होती.

रविवारी आम्ही पेट्या उघडतोय. जवळपासचं कुणी आलं तर बरं होईल. एक अडचण, फोननं कार्डाचा फोटो काढला की मधोमध पांढरा डाग येतोय, गुळगुळीत कागद आहे. काय करावं?

हाली_सिक्का

फ्लॅश बंद. उन्हात नको, उत्तरेच्या खिडकीपाशी सावलीत ठेवा आणि फोनच्या मागं काळं कापड धरा. नाण्यांना आम्ही तेच करतो. मी येतो रविवारी, कापड घेऊन.